आठवं गणित

"आई, हे आठवं गणित चुकलंय की! हातचा धरलाच नाही." जुनी वही चाळता चाळता सुनेनं लाल पेन उचललं. तीही शिक्षिकाच होती.

"राहू दे गं," अनुसयाबाई घाईनं म्हणाल्या. "ते मी मुद्दाम चुकवलं होतं."

त्या चौथीत असताना त्यांचे तरणेबांड नलवडे गुरुजी शाळा सोडून फौजेत गेले. निघताना म्हणाले, "वह्या टपालानं पाठवा. मी लांब गेलो म्हणून गृहपाठातून सुटका नाही." मग दर महिन्याला एकेकाची वही सरहद्दीवर जायची आणि लाल शाईनं तपासून परत यायची. बरोबर गणिताला गुरुजी नुसती खूण करायचे. चुकलं, की शेजारी अख्खी ओळ लिहायचे: "हातचा कुठं सांडलास रे? इथं बर्फात शोधतोय मी." ती ओळ सगळा वर्ग पाठ करायचा.

म्हणून अनुसयेची पाळी आली, तेव्हा वर्गात पहिल्या येणाऱ्या त्या पोरीनं आठवं गणित जाणूनबुजून चुकवलं आणि ती ओळीची वाट बघत बसली.

पासष्टच्या लढाईत गुरुजी कामी आले. वही त्यांच्या ट्रंकेतून परत आली. सात गणितांवर लाल खुणा होत्या. आठव्याशेजारची जागा कोरी होती.

सुनेनं पेनाला टोपण लावलं.

अनुसयाबाईंनी पुढं चौतीस वर्षं शाळेत शिकवलं. बरोबर आलेल्या गणितालाही त्या एक ओळ लिहायच्या. ओळीसाठी कुणा पोराला चुकावं लागू नये, म्हणून.