रिकामी सीट

स्टँडवरून उतरवताच नीलिमाच्या डर्टबाईकचा मागचा भाग बत्तीस मिलिमीटर दबला. सीटवर कुणीच नव्हतं.

पुंजाजींनी पुन्हा टेप लावली. बत्तीसच.

मागचा शॉकअप त्यांनी संघदीपच्या गाडीतून काढला होता. पोरगा जाऊन वर्ष झालं, तरी ती मोडकी गाडी भंगारात द्यायला त्यांचं मन धजत नव्हतं.

"मॉडेल येगळं हाय, बाबा. अन् स्प्रिंग तुमच्यावानी म्हातारी झाली," नीलिमा हसली.

त्यांनी तिचा जुना शॉकअप लावला. गाडी ताठ. भावाचा लावला, की बत्तीस. संघदीप बसला की त्याच्या गाडीचं हेच माप यायचं.

सीट किंचित उचलली गेली आणि परत दबली, कुणी सावरून बसावं तशी.

पुंजाजींनी सीटवर हात ठेवला.

"उतर, पोरा. तुयी गाडी उद्या भंगारात देतो."