औंदाचं तिखट

“औंदाचं काळं तिखट बी फिकंच झालंय,” आमटीचा भुरका मारत द्वारकाबाई कुरकुरल्या.

“व्हय आई, जरा फिकंच,” लेक उत्तरेश्वर डोळ्यांचं पाणी पुसत म्हणाला. सून दीपमालाला उचकी लागली होती, म्हणून तिनं नुसती मान डोलावली.

पूर्वी द्वारकाबाई रंगाला ब्याडगी मिरची घेत, चवीला संकेश्वरी आणि झणक्याला मूठभर लवंगी. तीन सालांपूर्वी तापातून उठल्या, आणि दर खेपेला लवंगीच वाढत गेली. घरचं मांजर शेजारी राहायला गेलं. या घरची मिरची कांडायला घातली की डंकवाले खाजाभाई मशीन चालू ठेवून थेट बेंबळीच्या एसटी स्टँडवर जाऊन बसत. पण घरात कुणी ब्र काढला नाही.

“उद्या निव्वळ लवंगीच कांडून आणा,” द्वारकाबाईंनी फर्मावलं.

दीपमालानं तांब्या खाली आपटला. “आत्याबाई, तिखट फिकं न्हाय. तुमच्या जिभंची चव गेलीय.”

उत्तरेश्वरचा घास हातातच राहिला. द्वारकाबाईंनी मात्र केवढा तरी सुस्कारा सोडला.

“मला ठावं हाय गं. सांगायची लाज वाटत हुती. म्हणलं, आणखी थोडी लवंगी वाढवली की बोलंल कुणीतरी.”