मास्तरांच्या जनाज्यात बँड

चाळीस वर्षं अंजनगावातल्या वराती वाजवणारे माझे सासरे, बँडमास्तर अब्दुल गफ्फार, सकाळी वारले. जनाजा उचलायच्या वेळी त्यांची अख्खी पार्टी लाल कोट घालून, ढोल-क्लॅरोनेट घेऊन दारात उभी राहिली. अंगणातले बुजुर्ग कुजबुजू लागले. कडेवरच्या लेकीला, माहेनूरला, घट्ट धरून मी आतून बघत होते. माझे मिस्टर, शाहनवाज, पुढं गेले.

"खुशालकाका, आमच्यात मय्यतीले वाजवत नाहीत. आज भांडण नका लावू."

ढोलवाल्या खुशालरावांनी गळ्यातला ढोल काढून त्यांच्या हातात दिला.

 

"वाजवाले नाही आलो, बेटा. गावात आज दोन वराती हायेत, त्यायले 'आज येत नाही' म्हणून सांगून आलो. मास्तरची माती होयेपर्यंत हे सारं तुह्या घरात कुलपात ठेव."