कापड उतरतं त्या बाजूला

"हनुवटी टेकवा काका, आणि आता अजिबात हलू नका," आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, आणि बाहेर बाकावर बसलेली टेलरमास्तरांची बायको पुन्हा उठली.

बूड टिकत नव्हतं तिचं एका जागी. खिडकीशी जायची, परत यायची, पर्सची चेन उघडायची, लावायची. नवऱ्याच्या डोळ्याची काळजी होतीच, नाही असं नाही. पण मनात होतं ते वेगळंच. आज संध्याकाळी ती धाकट्या बहिणीकडे जाणार होती, कायमची. मास्तरांना अजून सांगितलं नव्हतं. जो माणूस आपल्याकडे ढुंकून बघत नाही, त्याला सांगायचं तरी काय?

वर्ष होऊन गेलं. दुकानात गिऱ्हाइकासमोर ती बोलून गेली होती, "अहो, ही बाही उलटी लागलीय." उलटीच लागली होती. मास्तर सगळ्यांदेखत तिच्यावर खेकसले. असली भांडणं त्यांच्यात दोन दिवसांत मिटायची. हे मिटलं नाही. मशीनचं चाक उजवीकडे, शिवलेलं कापड उतरतं डावीकडे. म्हणून लग्न झाल्यापासून तिचं स्टूल मास्तरांच्या डाव्या हाताला. उतरलेलं कापड ओढायचं आणि काज-बटणाला घ्यायचं. पूर्वी मास्तर मान न वळवता नुसत्या तिरक्या नजरेने बघून हसायचे. आता तेही नाही. तिने कात्री पुढे करावी, तर हात पुढे येत नसे. चहा ठेवावा, तर तो तिथेच गार होई. एकदा त्यांचंच कोपर लागून कप खाली गेला, तर म्हणाले, "इथे कुणी ठेवला हा?"

कुणी! इतक्या वर्षांच्या संसारात ती 'कुणी' झाली होती. मग तीही हट्टाला पेटली. तोंडातून शब्द काढायचाच नाही. खाली मान घालून बटणं लावायची आणि दोरा तोडायचा.

चष्म्याचा नंबर बदलायला गेले, तर डोळ्यातलं प्रेशर भलतंच वाढलेलं निघालं, म्हणून हे लेसर. तिला खरं तर ते थोतांडच वाटत होतं. सुईत एका दमात दोरा ओवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?

दार उघडलं. नर्सने मास्तरांना धरून बाकावर आणून बसवलं आणि हिला आत बोलावलं.

"उजव्या डोळ्याला लेसर केलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "प्रेशर उतरायला काही आठवडे जातील. तासाभराने पुन्हा तपासू. हा डोळा आपल्याला जपायचाय. डाव्याची नजर जवळजवळ गेलीय."

"गेलीय? कधी?"

"वर्षभर तरी झालं असेल. ती आता परत येणार नाही."

"अहो, पण ते सुईत दोरा ओवतात!"

"उजव्या डोळ्याने ओवतात. हळूहळू गेली की माणसाला स्वतःलाही पत्ता लागत नाही. मी सांगितलं, तर त्यांना पटेना. सुईदोरा आणा म्हणाले." डॉक्टरीणबाई किंचित हसल्या. "डाव्या अंगाला कुणी असेल तर त्यांना दिसत नाही. रस्ता ओलांडताना तेवढं सांभाळा."

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला. बिचारा माणूस, आणि आपण त्याला काय काय ठरवून मोकळ्या झालो.

बाहेर मास्तर बाकावर चुळबुळत होते. बसल्या जागी मशीन चालवल्यासारखा पाय हलत होता. ती सवयीने त्यांच्या डावीकडे निघाली, थांबली, बाकाला वळसा घालून उजवीकडे बसली.

मास्तरांचा पाय थांबला. औषधाने पाणावलेल्या डोळ्यांनी ते तिच्याकडे बघत राहिले.

"उतरला म्हणायचा राग," ते म्हणाले. "वर्षभर दुकानात माझ्या जवळपास फिरकली नाहीस. माझी पाठ वळली की बटणं तेवढी लावून जायचीस. रोज वाटायचं, आज तरी येऊन बसेल."