एका नावाचे तीन राजे

लेकाकडे आखातात, बौशरला गेले होते. दुसऱ्या दिवशी शाळेत क्विझची फायनल, आणि नात अ‍ॅश्ली रडकुंडीला आलेली.

"आजी, हजार वर्षांपूर्वीचे तीन किंग आणि तिघांचं नाव चार्ल्स! मी मिक्स करणार!"

"वसईला आमच्या आळीत इनास नावाचे तिघे होते. एक टकल्या, एक जाड्या, एक भोळा. पन्नास वर्षांत कधी घोटाळा झाला नाही. तुझ्या राजांनाही हीच नावं ठेव."

"आजी! ते किंग आहेत!"

दुसऱ्या दिवशी पोरगी कप घेऊनच घरी आली, पण माझ्याकडे संशयाने बघत होती.



"लास्ट क्वेश्चन होता, या तीन चार्ल्सना लोक काय म्हणायचे? मला काहीच येत नव्हतं, म्हणून तुझीच नावं इंग्लिशमध्ये सांगितली, बाल्ड, फॅट आणि सिंपल. आजी, तिन्ही करेक्ट!"