पतित

“बाबांबद्दल दोन शब्द बोल,” मेहुणी म्हणाली. बॉस्टनच्या त्या चर्चमध्ये सासऱ्यांची शवपेटी समोर होती.

हैतीहून आल्यावर तीस वर्षं ते दिवसा इस्पितळाच्या चादरी धुवायचे आणि संध्याकाळी टॅक्सी चालवायचे. त्यावर चार मुलं वाढवली. थोरली मिरलांद माझी बायको. लग्नाच्या दिवशी मला मिठी मारून ते ‘पतित’ म्हणाले आणि पुढेही तेच म्हणत राहिले. त्यांच्या भाषेतही अर्थ तोच असणार, असं मी धरून चाललो. मिरलांदला विचारायची हिंमत झाली नाही.

दोन वर्षांपूर्वी मिरलांद वारली. तेव्हापासून ते दर रविवारी भोपळ्याचं सूप आणायचे, “खा, पतित,” म्हणायचे आणि वाडगा रिकामा होईपर्यंत बसून राहायचे.

“ते मला पतित का म्हणायचे?” मी आज मेहुणीला विचारलं.

“पितीत!” ती रडता रडता हसली. “म्हणजे लेकरू. आम्हा चौघांनाही तेच म्हणायचे.”

मी माईकपाशी गेलो. चौदा वर्षं मी त्यांना ‘मिस्टर आन्सेल्म’ म्हणत आलो होतो. आज पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणालो.