बाईंच्या बाजूचा ब्रेक

"आरशात बघितलंस? माझं तोंड म्हणजे आरसा नव्हे," बाई म्हणाल्या.

त्यांच्या लेकीने आरशात बघितलं, इंडिकेटर दिला आणि शिकाऊ पाटी लावलेली गाडी रस्त्यावर काढली. साडेचारला शिकायला येणाऱ्या माणसाने आयत्या वेळी दांडी मारली होती, म्हणून तिला हा तास मिळाला होता. परवा तिची लायसनची परीक्षा. आणि आज पाच वाजेपर्यंत दोनपैकी एका विद्यापीठाला होकार कळवायचा होता. पाचनंतर दोन्ही जागा जाणार.

बाई एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होत्या. त्यांच्या पायाशीही एक ब्रेक होता, आणि तो दाबला की बेल वाजायची. म्हणजे शिकणाऱ्याला कळावं, की गाडी आपण नाही, बाईंनी थांबवली. मूळची बेल तीन वर्षांपूर्वी मुकी झाली, तेव्हा लेकीनेच घराच्या दाराची जुनी, सेलवर चालणारी बेल आणून थेट बॅटरीला जोडून दिली होती. त्यामुळे गाडीची किल्ली काढली तरी बेल वाजायची. हा दोष नसून सोय आहे, असं लेकीचं ठाम म्हणणं. निम्मं गाव बाईंना घंटीबाई म्हणायचं आणि बाईंना ते ठाऊक होतं.

मोठ्या विद्यापीठाने लेकीला घेतलं होतं, पण नुसतं दारातून आत घेतलं होतं. शाखा वर्षभराने, गुण बघून मिळणार. इलेक्ट्रॉनिक्स मागणारे तीनशे, जागा नव्वद. नाही मिळाली तर कुणाला नको असलेली एखादी शाखा गळ्यात बांधून पुढची तीन वर्षं काढायची. धाकट्या विद्यापीठाने इलेक्ट्रॉनिक्सची जागा आजच लिहून दिली होती. फक्त त्याचं नाव सांगितलं की लोक विचारत, "हे कुठे आलं?"

"तू काहीच बोलत नाहीस," लेक म्हणाली.

"गिअर बदल. इंजिन रडतंय."

"मावशी म्हणते मोठं घे. बाबा म्हणतात, आई म्हणेल ते. आणि आई म्हणते गिअर बदल."

बाईंनी कालच ठरवलं होतं, या बाबतीत तोंडाला कुलूप. त्यांच्या धंद्याचा नियमच तो. सारखं थांबवत राहिलं की माणूस जन्मभर दुसऱ्याच्या ब्रेकची वाट बघत बसतो. पण कुलूप काही चौकापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

"माझ्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपण पहिल्या फटक्यात पास," त्या समोर बघत म्हणाल्या. "दहातले चार होतात."

"मग बाकीच्या सहांना तू आधीच सांगतेस का, की परीक्षेला जाऊ नका म्हणून?"

"त्यांना महिन्याभराने परत बसता येतं. तुला येणार आहे?"

लेकीने गिअर बदलला.

फर्निचरच्या दुकानापाशी एक टेम्पो मागचं काही न बघता उलटा रस्त्यावर आला. बाईंचा पाय झटकन पुढे गेला आणि ब्रेकच्या वर बोटभर अंतरावर थांबला. गाडीही थांबली होती. लेकीने थांबवली होती, टेम्पोपासून चांगली दोन हात लांब. टेम्पोवाल्याने चूक आपली नसल्यासारखा हात हलवला आणि निघून गेला.

"वाजली नाही," लेक म्हणाली.

"नाही वाजली," बाईंनी कबूल केलं. त्यांनी पाय मागे घेतला.

पुढे पोस्टाच्या भिंतीकडेला लेकीने गाडी लावली. हँडब्रेक ओढला, किल्ली काढली, सगळं शिकवलेल्या क्रमाने. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'येथे वाहने उभी करू नयेत'. एरवी बाईंनी यावर दहा मिनिटं ऐकवलं असतं. आज त्यांनी ते वाचलं आणि सोडून दिलं.

पाचला अकरा मिनिटं होती. लेकीने फोन काढला.

"नव्वदात येईन मी," ती म्हणाली. मग फोनची काच पुसत म्हणाली, "बहुतेक."

धाकटं घे बाळा, धाकटं घे, हे त्या एका शब्दाने बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी दात आवळले आणि दोन्ही हात मांडीखाली घातले, जणू हातच काहीतरी बोलून जाणार होते.

"मोठंच," लेक म्हणाली आणि तिने फोनवर अंगठा टेकवला.

बेल वाजली.

दारात पाहुणे उभे असावेत तशी, खणखणीत. दोघींनी दचकून खाली बघितलं. बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता, पार तळापर्यंत दाबलेला.

"आई," लेक हळू आवाजात म्हणाली, "गाडी उभीच आहे."

"दिसतंय मला," बाई म्हणाल्या. पण पाय काही उचलेना, आणि बेल वाजतच राहिली.